अकरा जोडपानं, चाळीस हजार आणि ‘सर्व हक्क’

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. उपयोजित कलेची पदवी घेऊन दोन वर्षं झाली, सांगलीत आईवडिलांकडे राहून फ्रीलान्स चित्रं करतेस. आता एका प्रकाशकाने मुलांच्या २४ पानी रंगीत पुस्तकाचं काम देऊ केलंय. अकरा जोडपानं, म्हणजे आपण स्प्रेड म्हणतो ती, आणि मुखपृष्ठ. एकरकमी ४०,००० रुपये, पैसे पुस्तक प्रकाशित झाल्यावर, सर्व हक्क प्रकाशकाकडे. शिवाय ‘आधी एक पान रंगवून दाखवा’. तुला विचारायचंय की चाळीस हजार कमी आहेत का, करारावर सही करावी का, जीएसटी-टीडीएसचं काय, आणि ही धंद्याची बाजू शिकवणारा कोर्स कुठे असतो.

तू ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. पुण्यात अठरा वर्षं हेच काम करतेय : मुखपृष्ठं, मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, अधूनमधून पॅकेजिंग.

कोर्सचं आधी उरकते. असेल एखादा, पण त्याच्या फीइतके पैसे जवळ असतील तर आठ दिवस एखाद्या छापखान्यात जाऊन बस. सांगली-कोल्हापुरात चांगले ऑफसेटवाले आहेत. सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, कसा लागतो, २४ पानं म्हणजे दीड फॉर्म का, पानाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर जादा रंग, म्हणजे ब्लीड, सोडलं नाही तर कटिंगला काय होतं, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, का मरतो, हे सगळं तिथे चहाच्या भावात कळतं. आणि त्याहून महत्त्वाचं, पुस्तकाचा खर्च कुठे जातो ते कळतं. कागद, छपाई, बाइंडिंग, आणि मग विक्रेत्याचं कमिशन, जे छापील किमतीचा मोठा लचका तोडतं. प्रकाशक ‘परवडत नाही’ म्हणतो तेव्हा तो खरं बोलतोय की नुसता हात आखडतोय, हे ओळखायला त्याचा हिशोब तुला येत असला पाहिजे. मी हे फार उशिरा शिकले.

आता चाळीस हजारांकडे. कमी आहेत का, हे मी सांगू शकत नाही, तुझी वही सांगेल. महिन्याला स्वतःवर किती खर्च होतो ते लिही. आईवडिलांकडे राहतेस म्हणून शून्य धरू नकोस, ती त्यांनी दिलेली सबसिडी आहे, प्रकाशकाला देण्यासाठी नाही. समज २६,०००. टॅब्लेट, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, नेट, वीज, प्रिंट यांचा महिन्याचा वाटा ६,०००. आजारपण, सुट्टी, कर आणि रिकामे महिने यांसाठी १०,०००. झाले ४२,०००. आता महिन्यात पैसे देणारी चित्रं काढायचे दिवस किती? पंचवीस म्हणशील. नसतात गं. ईमेल, फोन, कोटेशन, बिलं, पैशांसाठी फॉलोअप, छापखान्याच्या चकरा, काहीच सुचत नाही ते दिवस. मी तीन वर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. माझे सरासरी बारा-तेरा निघाले. बारा धर. ४२,००० भागिले बारा, म्हणजे तुझा दिवस ३,५०० रुपयांचा.

मग हे पुस्तक किती दिवसांचं? एका जोडपानाला दीड दिवस धरला तर अकराचे साडेसोळा. मुखपृष्ठ तीन. पात्रं ठरवणं आणि स्टोरीबोर्ड चार. करेक्शन साडेतीन. सत्तावीस दिवस. ३,५०० ने गुणलं की ९४,५००. ते देतायत चाळीस, म्हणजे दिवसाला १,४८० रुपये. घरी फरशी बसवायला कारागीर आला तर त्याचा रोज विचारून बघ एकदा.

हा आकडा बघून दोनपैकी एक होतं. एक तर आपण घाबरून चाळीसलाच हो म्हणतो, नाही तर रागावून ९४,५०० चं कोटेशन पाठवतो आणि पलीकडून उत्तरच येत नाही. मी दोन्ही केलंय. त्यापेक्षा एक गोष्ट आधी समजून घे. बाकी सगळं उत्तर तिच्याभोवतीच फिरणार आहे. प्रकाशकाला आपण चित्र विकत नसतो, ते वापरायची परवानगी देत असतो. त्यामुळे ‘चित्राचे किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, कोणत्या भाषेत, किती प्रती, किती वर्षं, छापील की ईबुकही, त्याच चित्राचं दप्तर किंवा कॅलेंडर निघणार का, हे ठरल्याशिवाय दर सांगणं म्हणजे किती खोल्या, किती महिने हे न विचारता भाडं सांगण्यासारखं आहे.

हे मी कसं शिकले ते सांगते. २००९ साली एका कादंबरीचं मुखपृष्ठ केलं, सगळं फोनवर ठरलेलं, साडेतीन हजार रुपये. तेव्हा मला ते भरपूर वाटले होते. दोन वर्षांनी रेल्वे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर तेच चित्र दिसलं, हिंदी अनुवादावर. मग कळलं की त्याची डायरीसुद्धा निघालीय. फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘‘चित्र आम्ही विकत घेतलंय, तुमची सही आहे.’’ सही? कुठली सही? तर पैसे घेताना मी रेव्हेन्यू स्टँपवर सही केलेलं व्हाउचर. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, ‘सर्व हक्कांसह मोबदला पूर्ण मिळाला’. चेक हातात पडल्याच्या आनंदात मी ते वाचलंही नव्हतं. तेव्हापासून व्हाउचर वाचते. नको ती ओळ असेल तर खोडून, बाजूला सही करून मगच देते. आजवर कुणीही त्यावरून चेक परत घेतलेला नाही.

कायद्याचं थोडं सांगते. मी वकील नाही, पण स्वतःच्या धंद्यापुरता १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचलाय, तूही वाच. ‘मी काढलं म्हणजे हक्क माझाच’ असं आपल्यातले बहुतेक जण समजतात. ते अर्धंच खरं आहे. साधारणपणे कलाकृतीचा पहिला हक्क कलाकाराचा असतो. पण कलम १७ मध्येच अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र मालकाचं. आणि कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, तर उलट करार नसल्यास पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. आता पुस्तकातलं रंगीत चित्र हे पेंटिंग की नुसतं ड्रॉइंग, यावर वकील वाद घालत बसतील. आपल्याला त्या वादात पडायचंच नाही. म्हणून ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ हे एक वाक्य कामाच्या आधी, दोघांच्या लेखी मान्यतेने कागदावर हवं. ते नसेल तर गप्प बसण्याचा फायदा कदाचित समोरच्यालाच मिळतो.

दुसरं, हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतं, तोंडी नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हे कलम १९. म्हणजे कागदावर ‘सर्व हक्क’ एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर अगदीच सगळं संपलेलं नसतं. पण करार करणारे हुशार असतात, ते ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असं सविस्तर लिहितात. तुझ्या मसुद्यात नेमके हे तीन शब्द आहेत का ते बघ. तिसरं, कलम ५७. हक्क दिले तरी चित्रकार म्हणून आपलं नाव मागण्याचा आणि चित्राची बदनामीकारक मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. म्हणून श्रेयनामावलीत नाव मागताना ‘जमलं तर टाका हं’ असं लाजत म्हणायची गरज नाही. आणि हे सगळं मिळवायला आधी नोंदणी करावी लागत नाही, चित्र काढल्या क्षणापासून कॉपीराइट असतो, आपल्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं.

कागदावर केलेलं मूळ चित्र ही आणखी वेगळी वस्तू. छापायची परवानगी दिली म्हणजे मूळ कागद दिला असं होत नाही. तू कागदावर जलरंगात करणार असशील तर स्कॅन तूच करून दे. जुन्या चित्रकारांची मूळ चित्रं छापखान्यांच्या कपाटांत कुजली, रद्दीत गेली. मोठमोठ्यांची.

दीनानाथ दलालांचं नाव तुला माहीत असेलच. गोव्याहून मुंबईत आलेले, ज्यांच्या मुखपृष्ठांनी मराठी पुस्तकाचा चेहराच बदलला. त्यांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला, म्हणजे चित्रकार स्वतःच प्रकाशक झाला. उलट वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत राहिले आणि त्याच्या जोडीनेच रेषा सांभाळली. दोघंही थोर. पण बघ, दोघांनीही फक्त दुसऱ्याच्या मानधनावर घर चालवलं नाही. तुझ्या घरी ‘अर्धवेळ नोकरी धर की’ असा आग्रह होत असेल तर त्यात अपमान मानू नकोस. पहिली चार वर्षं मी सकाळी शाळेत चित्रकला शिकवली. त्या पगाराच्या जोरावरच वाईट कामांना नाही म्हणता आलं.

‘मानधन’ या शब्दाविषयीही माझं थोडं वाकडं आहे. शब्द सुंदर आहे, पण तो कानावर पडला की आपण आपोआप हात पुढे करायच्या ऐवजी जोडतो. वीजवाल्याला कुणी मानधन देत नाही. मी कोटेशनवर आणि बिलावर ‘शुल्क’ लिहिते. समोरचा काहीही म्हणो.

आता तुझ्या पुस्तकाचं काय करायचं? दर पाडू नकोस, काम किंवा परवानगी कमी कर. त्यांचं बजेट खरंच पन्नासच्या आसपास असेल, तर तेवढ्यात बसेल असं पुस्तक तू मांडून दाखव. अकराही जोडपानं काठोकाठ रंगवायची गरज आहे का? पाच भरगच्च कर आणि उरलेल्या सहा जोडपानांवर पांढऱ्या जागेत सुटी पात्रं ठेव. मुलांच्या पुस्तकात पांढरी जागा शोभते, मजकुरालाही श्वास मिळतो. पाच जोडपानांचे साडेसात दिवस, सहा हलक्या जोडपानांचे तीन, मुखपृष्ठ तीन, स्टोरीबोर्ड तीन, करेक्शन दोन. साडेअठरा दिवस, ६४,७५०. तू ६५,००० मागायचे, फक्त मराठी छापील पुस्तकासाठी, पाच वर्षं. ते पंचावन्नवर आले तर घे, कारण कन्नड, हिंदी, ईबुक आणि बाकी सगळं अजून तुझ्याकडे आहे. सांगलीतून कन्नड आवृत्ती निघणं काही अशक्य नाही, आणि ती निघाली की त्याचे वेगळे पैसे. तेच काम ‘सर्व हक्क, कायमचे’ या अटीवर हवं असेल तर मी म्हणेन सव्वा लाखाच्या खाली बोलूच नकोस.

आणि ते चाळीसवरच अडून बसले तर? सोडून दे. वाईट वाटेल, आठवडाभर वाटेल. पण त्याच सत्तावीस दिवसांत दोन मुखपृष्ठं आणि एका संस्थेची आरोग्य-पुस्तिका केलीस तरी जास्त मिळतील.

रॉयल्टी देतो म्हणाले तर हुरळू नकोस, आधी गुणाकार कर. १२० रुपयांचं पुस्तक, हजाराची आवृत्ती, पाच टक्के रॉयल्टी : सगळ्या प्रती खपल्या तर सहा हजार रुपये. एवढंच. रॉयल्टी मागायचीच असेल तर मूळ शुल्काच्या वर, दुसऱ्या आवृत्तीपासून माग. ते मान्य करणं प्रकाशकालाही सोपं जातं, कारण दुसरी आवृत्ती म्हणजे पुस्तक चाललंय.

खुल्या परवान्याचं काम आलं तर तेही समजून घे. प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली येतात की कुणीही त्यांचं भाषांतर करावं, बदल करावेत, विकावंसुद्धा, फक्त श्रेय द्यावं. वाईट मुळीच नाही, तुझं चित्र कितीतरी भाषांत जातं. पण तिथे नंतरच्या वापराचे पैसे येत नाहीत, म्हणून शुल्क पहिल्यांदाच पुरेसं असावं लागतं.

पैसे ‘पुस्तक प्रकाशित झाल्यावर’ ही अट मात्र अजिबात मान्य करू नकोस. पुस्तक प्रकाशित होणं तुझ्या हातात नाही. कागद महागतो, लेखक रुसतात, पाहुण्यांची तारीख मिळत नाही म्हणून प्रकाशन समारंभ वर्षभर लांबतो. माझं एक पुस्तक साडेतीन वर्षांनी निघालं. तुझे पैसे तुझ्या कामाच्या टप्प्यांना बांध : काम ठरताना तीस टक्के, रफ, म्हणजे कच्ची चित्रं, मंजूर झाल्यावर तीस, आणि फायनल चित्रं लहान आकारात दाखवून मंजुरी मिळाली की चाळीस. ते जमा झाले की मगच हाय-रेझ फाइल. मधेच काम रद्द झालं तर त्या टप्प्यापर्यंतचे पैसे परत नाहीत, हेही लिही. लेयरवाली, म्हणजे चित्राचे भाग सुटे करता येतील अशी, मूळ फाइल द्यायची नाही, छपाईची फाइल द्यायची. ती मागतात तेव्हा बऱ्याचदा कारण असं असतं की पुढच्या पुस्तकात त्यांचा डीटीपीवाला तुझीच पात्रं इकडची तिकडे करणार असतो.

ॲडव्हान्स मागायला तुला लाज वाटेल. मलाही वाटायची. मग एकदा लग्नाच्या कार्यालयवाल्याला बघितलं, तो तारीख लिहून घेण्याआधी पैसे घेतो आणि कुणालाच राग येत नाही. ‘तारीख राखून ठेवते, त्यासाठी तीस टक्के’ असं म्हण. ओळखीतल्या माणसांनाही तेच.

करेक्शनवर मर्यादा घाल. रफला दोन फेऱ्या, रंगवल्यावर एक. आणि मजकूर बदलला तर ते करेक्शन धरायचं नाही, ते नवं काम. माझ्या एका पुस्तकात शेळी होती. सगळी पानं रंगवून झाली, आणि लेखकाने शेळीची गाय केली. का, तर त्यांना म्हणे ती जास्त मायाळू वाटली. मी नऊ चित्रं पुन्हा केली, फुकट, कारण कुठे काही लिहिलेलंच नव्हतं. शेळीच्या जागी गाय म्हणजे नुसतं शिंग-शेपूट बदलायचं नसतं, आख्खं पान मोडून पुन्हा बांधावं लागतं. तसंच, मंजुरी देणारा माणूस एकच असावा, हेही लिहून घे. नाहीतर संपादकांना आवडलेलं चित्र मालकांच्या सूनबाईंना निळं जास्त झालंय म्हणून परत येतं.

‘एक पान रंगवून दाखवा’ याचं उत्तर असं दे : जुनं काम पाहून ठरवा, त्यातही समाधान नसेल तर एक जोडपान ठरलेल्या दराने करून देते, काम पुढे गेलं तर ती रक्कम एकूण शुल्कात धरू. फार वाटलं तर मुख्य पात्राचं पेन्सिलचं एक स्केच फुकट दे, त्यापलीकडे जाऊ नकोस. फुकट सॅम्पल पाच जणांकडून मागवून त्यातल्या एकाची कल्पना दुसऱ्याकडून स्वस्तात करून घेणारे आहेत.

करार दहा पानी असायला हवा असं नाही. फोनवर दर विचारला की ‘संध्याकाळपर्यंत लेखी पाठवते’ एवढंच बोल आणि खरंच पाठव. मी साधारण असं लिहिते :

‘आज फोनवर झालेल्या बोलण्यानुसार : २४ पानी पुस्तक, पाच पूर्ण जोडपानं, सहा जोडपानांवर सुटी चित्रं, मुखपृष्ठ. शुल्क ६५,००० रुपये, तीन टप्प्यांत, तीस-तीस-चाळीस टक्के. चित्रं फक्त या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्त्यांसाठी, भारतात, पाच वर्षं वापरता येतील, इतर भाषा, ईबुक, जाहिरात व वस्तूंसाठी वेगळी परवानगी व शुल्क. कॉपीराइट व मूळ चित्रं चित्रकाराकडे. एआय प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी किंवा तशा प्रणालीतून नवी चित्रं करण्यासाठी वापर नाही. नाव मुखपृष्ठावर व श्रेयपानावर. रफला दोन, रंगीतला एक करेक्शन. मान्य असल्यास याच ईमेलला तसं उत्तर द्यावं, पहिला टप्पा जमा झाला की काम सुरू करते.’

‘मान्य’ असं उत्तर आलं की तुझ्याकडे कागद झाला. बरेच प्रकाशक उलट खूश होतात, कारण त्यांनाही नेमकं काय मिळणार ते कळतं. मजकूर बघून जे चिडतात, ते पैशांच्या वेळीही चिडले असते.

करांचं मोजकंच. कलमांचे आकडे देत नाही, कारण १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि जुने आकडे बदललेत. प्रकाशक तुझ्या शुल्कातून टीडीएस, म्हणजे तुझ्या नावे आगाऊ भरायचा आयकर, कापेल. व्यावसायिक शुल्क म्हणून धरलं तर दहा टक्के, वर्षाला एकाच पार्टीकडून ५०,००० च्या वर गेलं की. काही जण कंत्राटी काम धरून एकच टक्का कापतात. पॅन दिला नाहीस तर वीस टक्के जातात, तेव्हा बिलावर पॅन घालच. कापलेला पैसा तुझाच असतो, तो तुझ्या पॅनवर दिसतोय का ते पोर्टलवर बघ आणि विवरणपत्र भर, उत्पन्न करपात्र नसलं तरी. मी पहिली दोन वर्षं भरलं नाही आणि माझे बारा-तेरा हजार सरकारजमा राहिले. ‘निम्मं उत्पन्न नफा दाखवा, हिशोब ठेवायची गरज नाही’ असं रीलमध्ये सांगतात. ती योजना ठरावीक व्यवसायांच्या यादीपुरती आहे आणि त्या यादीत चित्रकार असं स्पष्ट नाव नाही, म्हणून ते सीएला विचारूनच कर. वर्षातून एकदा हजार-दोन हजार सीएला गेले तर ते वाया गेले असं समजू नकोस. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाच्या वीस लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, परराज्यातल्या पार्टीचं काम केलंस तरी. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, ‘लावा की, आम्हाला क्रेडिट मिळेल’ असं कुणी म्हटलं तरीही. अमेरिकेतल्या एखाद्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम आलं, तर पैसे बँकेत कोणत्या मार्गाने आले त्याची पावती जपून ठेव.

दिवाळी अंकांचा एक वेगळा त्रास असतो. काम जून ते सप्टेंबर, तेही सगळे एकदम, आणि पैसे ‘जाहिरातींचे आले की’. म्हणजे फाल्गुनात. त्या चार महिन्यांची कमाई पुढच्या सहा महिन्यांत येणार हे धरूनच घरखर्च आख. मी आता पाचच अंक घेते, ज्यांनी गेल्या वर्षीचे दिलेत त्यांचेच.

शेवटचं, आणि हे आपल्या लोकांना जवळजवळ कुणालाच माहीत नाही. उद्यम नोंदणी करून घे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याखाली सेवा देणारी एकटी व्यक्तीसुद्धा सूक्ष्म उद्योग ठरते. एकदा ती नोंदणी असली की ग्राहकाने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही असली तरी फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असतात. काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी सरकारची स्वतंत्र परिषद आहे, तक्रार ऑनलाइन करता येते. पण मला प्रत्यक्ष उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एप्रिल २०२३ पासूनच्या आर्थिक वर्षांसाठी आयकरात अशी तरतूद आली की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की प्रकाशकाचा सीएच त्याला विचारतो, ‘‘या बाईंचे पैसे का राहिलेत?’’ दोन वर्षं थकलेलं माझं एक बिल किती चकरा मारल्या तरी आलं नव्हतं, पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यानंतर पुढचं एकही थकलं नाही. छोट्या प्रकाशकांवर याचा तितका जोर चालत नाही, कंपन्यांवर आणि मोठ्या प्रकाशकांवर चालतो.

नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी, म्हणून या पुस्तकाचा ईमेल पाठवायच्या आधीच करून टाक. आधार आणि पॅन जवळ घेऊन बस, आधारला मोबाइल जोडलेला असू दे. अर्ध्या तासाचं काम आहे आणि सरकारी पोर्टलवर ते पूर्ण फुकट आहे. गुगलवर वरवर दिसणाऱ्या ज्या साइट दीड-दोन हजार मागतात, त्या दलालांच्या आहेत.